मार्क कुठे ठेवलेत? एआयच्या काळातलं एमबीए

मॅडम, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही लातूरकडच्या एका एमबीए कॉलेजात शिकवता. असाइनमेंट, पीपीटी, समर प्रोजेक्टचा रिपोर्ट, सगळं आता चॅटजीपीटीतून येतं. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, लेखी परीक्षा विद्यापीठाची, तुमच्या हातात फक्त अंतर्गत गुण. संचालकांनी दोन उपाय सुचवलेत: एआय पकडणारं सॉफ्टवेअर घ्या आणि 'एआय फॉर मॅनेजर्स' असा नवा विषय सुरू करा. तुम्ही विचारताय, यातलं काय करावं आणि एमबीएच्या शिक्षणात नेमकं बदलायचं काय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. नव्या विषयाची घाई करू नका. हातात असलेले अंतर्गत गुण लिहून आणलेल्या कागदावरून उचला आणि समोरासमोरच्या प्रश्नांवर ठेवा. मुलं मार्कांमागे जातात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पहिलीपासून आपणच त्यांना ते शिकवलंय.

मी दहा वर्षं विक्रीत काढली, त्यातली बरीचशी स्टॉकिस्टांच्या, म्हणजे कंपनीचा माल घेऊन दुकानदारांना पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यांच्या, गोडाऊनमध्ये. गेली पंधरा-सोळा वर्षं शिकवतोय. 2023 च्या दिवाळीआधी एका कॉलेजात बाहेरचा परीक्षक म्हणून समर प्रोजेक्टच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, गेलो होतो. एकापाठोपाठ आलेले दोन रिपोर्ट अजून डोक्यातून गेलेले नाहीत. दोन्हींचा विषय एकच, किराणा मालाची वितरण साखळी. पहिला 84 पानांचा, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, मुंबईकडे ज्याला ब्लॅक बुक म्हणतात तसा. इंग्रजी इस्त्री केल्यासारखं. स्वॉट, पोर्टर अशी पुस्तकी विश्लेषणं, शंभर दुकानदारांच्या सर्वेक्षणाचे पाय-चार्ट. मी विचारलं, "स्टॉकिस्ट दुकानदाराला उधारी किती दिवसांची देतो?" "थर्टी डेज, सर." "आणि कंपनी स्टॉकिस्टला?" शांतता. "मग स्टॉकिस्टचे पैसे किती दिवस अडकतात?" पुन्हा शांतता. मुलगा हुशार होता, पण रिपोर्ट त्याच्या डोक्यातून गेलेलाच नव्हता. एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये गेला होता, इतकंच.

दुसरा रिपोर्ट 31 पानांचा, इंग्रजी मोडकंतोडकं. हा मुलगा म्हणाला, "सर, 31 तारखेला गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आणि 10 तारखेपर्यंत ऑर्डरच नसते." प्रायमरी (कंपनीकडून स्टॉकिस्टला) आणि सेकंडरी (स्टॉकिस्टकडून दुकानाला) विक्रीतला फरक त्याला कुणी शिकवला नव्हता. महिनाअखेरीस टार्गेटसाठी कंपनी स्टॉकिस्टवर माल टाकते, तो विकलेला दिसतो पण दुकानात गेलेला नसतो, हे त्याने गोडाऊनमध्ये उभं राहून पाहिलं होतं. मला ते कळायला नोकरीत दीड वर्ष लागलं होतं.

गुणपत्रिकेतले रकाने होते मांडणी, साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, भाषा, सादरीकरण. रकान्यांप्रमाणे पहिल्या मुलाला जास्त मार्क पडत होते. आणि ते मी दिले. घरी येताना गाडीत लक्षात आलं की यात एआयची चूक काहीच नाही. एआय यायच्या आधीही हे रिपोर्ट सीनियरच्या पेनड्राइव्हमधून आणि झेरॉक्सच्या दुकानातून येतच होते. आपण कागदाला मार्क देत होतो. कागद आता फुकट झाला.

आता सॉफ्टवेअर. यूजीसीच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमावलीत 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे दंडाच्या पायऱ्या आहेत. ही मोजणी 'हे वाक्य आधी कुठे आलंय का' याची असते. एआयचं वाक्य तिथल्या तिथे जुळवलेलं असतं, म्हणून साम्य तीन-चार टक्के येतं आणि मुलगा तेच प्रमाणपत्र रिपोर्टला जोडून निर्धास्त होतो. मग दुसरं हत्यार, एआयचं लिखाण ओळखणारं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयनेच असं साधन जानेवारी 2023 मध्ये काढलं होतं. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे ते एआयचा 26 टक्केच मजकूर पकडायचं आणि माणसाने लिहिलेला 9 टक्के मजकूर एआयचा ठरवायचं. जुलैत त्यांनी ते बंद केलं. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिन या कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एआय-ओळखीची सोय बंद करून ठेवली. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले, तर सरासरी 61 टक्के निबंध एआयचे ठरले. परकी भाषा लिहिणारा मोजके शब्द आणि ठरावीक वाक्यं वापरतो, आणि यंत्राला ते यंत्रासारखं वाटतं. म्हणजे तुमच्याकडे औशाहून किंवा निलंग्याहून आलेला, मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा रात्रभर बसून स्वतः लिहील आणि पकडला जाईल तोच. ज्याला एआयचं लिखाण दोनदा फिरवून घेता येतं, तो सुटेल. संचालकांना एवढं एक सांगा, बाकी काही सांगावं लागणार नाही.

बंदी घालण्याच्या बाजूनेही मी नाही, आणि त्याला कारण आमच्याच धंद्याच्या इतिहासात आहे. स्प्रेडशीट ही कल्पना हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या वर्गात सुचलेली आहे. डॅन ब्रिकलिन तिथे एमबीए करत होता. फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडलेला, त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे पुसून पुन्हा लिहायचे, हे बघताना त्याला वाटलं की फळ्यानेच हे करून द्यावं. त्यातून 1979 मध्ये व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीटचं सॉफ्टवेअर आलं. त्याआधी 'भाव पाच टक्के पडला तर?' हा प्रश्न महाग होता, एका प्रश्नाला अख्खी दुपार जायची. व्हिसिकॅल्कनंतर तो फुकट झाला. मग किंमत कशाला आली? पाच टक्केच का, दहा का नाही, हे सांगू शकणाऱ्या माणसाला. आता मजकुराचं तेच झालंय.

जानेवारी 2023 मध्ये, चॅटजीपीटी येऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलचे प्राध्यापक ख्रिश्चन टर्विश यांनी त्यांच्या ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या अंतिम परीक्षेचा पेपर त्याच्याकडून सोडवून घेतला. बी किंवा बी-वजा मिळाला असता, असं त्यांनी लिहिलं. बातम्या तेवढ्यावरच थांबल्या. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी पुढे नोंदवलेलं: प्रक्रियेचं विश्लेषण त्याने छान समजावलं, पण सहावीच्या पातळीच्या साध्या गणितात तो चुकला. आणि चुकला तेही त्याच रुबाबात. आजची साधनं गणितात पुष्कळ सुधारलीत, रुबाब मात्र तसाच आहे.

दुसरा अभ्यास मी दरवर्षी वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगतो. 2023 मध्ये हार्वर्डच्या आणि इतर काही संस्थांच्या संशोधकांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या 758 सल्लागारांवर प्रयोग केला. नेहमीच्या कामांत एआय वापरणाऱ्यांनी 12 टक्के जास्त कामं उरकली, 25 टक्के कमी वेळात, आणि दर्जा 40 टक्क्यांहून अधिक सरस. हे आकडे सगळे सांगतात. त्याच प्रयोगात एक काम मुद्दाम वेगळं रचलेलं होतं. एका कंपनीचे विक्रीचे आकडे दिले होते आणि सोबत तिथल्या अधिकाऱ्यांच्या मुलाखतींच्या नोंदी. आकडे एक सांगत होते, पण मुलाखती नीट वाचल्या तर आकड्यांचा अर्थ बदलत होता. एआय न वापरणाऱ्यांपैकी सुमारे 84 टक्के लोकांचं उत्तर बरोबर आलं. वापरणाऱ्यांचं 60 ते 70 टक्क्यांवर आलं. तेही निवडून घेतलेले सल्लागार, आपली पहिल्या सत्रातली मुलं नव्हेत. माणूस बोलताना जे अर्धवट सोडतो ते ऐकण्यात ही माणसं कमी पडली, कारण समोर तयार उत्तर होतं.

मग वर्गात करायचं काय? मी करतो तो एक प्रयोग पूर्ण सांगतो, कारण 'क्रिटिकल थिंकिंग वाढवा' असं म्हणून कुणाचं भलं होत नाही.

नाशिक जिल्ह्यात मी पाहुणा म्हणून शिकवायला जातो. तिथे कांद्याची केस, म्हणजे निर्णय घ्यायला लावणारा धंद्यातला एक प्रसंग, घेतो. वर्गासाठी गोल आकडे: एप्रिलअखेर एका शेतकऱ्याकडे 100 क्विंटल उन्हाळी कांदा आहे, आजचा भाव क्विंटलला 1,200 रुपये. आज विकायचा, की चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरून ऑक्टोबरमध्ये? ऑक्टोबरचा भाव 1,800 धरा. भरणी, निवडणी, मजुरी मिळून 10,000 रुपये. पहिला अर्धा तास फोन पिशवीत, कागद-पेन. मग फोन काढायला सांगतो. बहुतेकांच्या पडद्यावर सुबक तक्ता येतो: साठवणुकीत घट 10 टक्के, उरले 90 क्विंटल, 1,62,000 रुपये, खर्च वजा जाता 1,52,000. आज विकला तर 1,20,000. फायदा 32,000. शिफारस: साठवा. खाली धोके आणि उपाय यांचे नीटनेटके मुद्दे.

मग मी विचारतो, 10 टक्के घट कोणी सांगितली? एकदा चांदवडकडची एक मुलगी उभी राहिली. तिने मधल्या सुट्टीत घरी फोन केला होता. वडील म्हणाले होते, "मागच्या साली शंभरातले पस्तीस गेले. मोड आले, सडले, उरलेल्याचं वजन उतरलं." फळ्यावर मांडलं: 65 क्विंटल, 1,17,000, खर्च वजा जाता 1,07,000. म्हणजे 13,000 रुपयांचा तोटा. ना नफा ना तोटा व्हायला भाव 2,000 हवा. एक आकडा बदलला आणि शिफारस उलटली. चाळीत चार-पाच महिन्यांत 30-40 टक्के घट होणं तिकडे कुणाला नवल वाटत नाही, पण वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी चाळ असूनही विचारलं एकीनेच. गंमत म्हणजे तेच साधन, 35 टक्के सांगितले तर हिशोब क्षणात बरोबर करून देतं. त्याला काय सांगायचं, हे कळायला चाळीत हात घालावा लागतो.

दुसरी फेरी भावाची. 1,800 कोणी सांगितला? मग 2023 चा घटनाक्रम मांडतो: ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य, 8 डिसेंबरला थेट निर्यातबंदी. ती उठली 4 मे 2024 ला, तेही 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क ठेवून. भावाच्या आलेखात हे धक्के दिसतात, पण पुढचा कधी बसेल ते दिसत नाही. तिसरी फेरी घरातली: सोसायटीचं कर्ज भरायचंय, जूनमध्ये पेरणीला रोख हवी, पोरीची फी. अशा घरात 32,000 चा कागदी फायदा असला तरी कांदा एप्रिलमध्येच विकला जातो, आणि तो निर्णय अडाणीपणाचा नसतो. खेळत्या भांडवलाचा धडा मी इथे शिकवतो, पुस्तकातल्या सूत्राआधी.

मार्कांची वाटणी अशी. 20 पैकी 12 व्हायवाला, 5 कच्च्या वहीला, 3 रिपोर्टला. कच्ची वही म्हणजे बाजार समितीत, चाळीवर, अडत्याकडे जाऊन तिथल्या तिथे लिहिलेले आकडे, खाडाखोडीसकट. रिपोर्ट एआयकडून खुशाल लिहून घ्या, इंग्रजी चकचकीत करा. त्याला तीनच मार्क.

व्हायवाचे माझे आवडते प्रश्न तीन. हा आकडा तुला कोणी सांगितला आणि त्यात त्याचा काय फायदा होता? हा आकडा निम्मा झाला तर तुझी शिफारस बदलेल का? आणि तुझ्याच रिपोर्टमधलं कुठलं वाक्य तुला पटत नाही? तिसऱ्या प्रश्नाला "सगळंच पटतं, सर" असं उत्तर आलं की समजायचं, वाचलेलं नाही.

वेळ कुठून आणायचा, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. 60 मुलं, प्रत्येकी 7 मिनिटं, म्हणजे 420 मिनिटं, 7 तास. दोघांनी वाटून घेतलं तर साडेतीन. 60 रिपोर्ट प्रामाणिकपणे वाचायचे तर प्रत्येकी 20 मिनिटं धरली तरी 20 तास होतात. ते आपण कधीच वाचत नव्हतो ही गोष्ट वेगळी. खरी अडचण दुसरी आहे. तुमच्याकडे निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर असतील, आणि त्यांना व्हायवाचे पैसे मिळत नाहीत. ते तास बिलात धरायला संचालकांना भाग पाडा. सॉफ्टवेअरचे पैसे वाचलेत, तेच तिकडे वळवा. हे जमलं नाही तर बाकी सगळं कागदावरच राहील. दोन कॉलेजांत मी ते पाहिलंय.

काही ठिकाणी 'एआय कसं वापरलं' याचं एक पान जोडायला लावतात. मीही लावायचो. दुसऱ्याच सत्रात लक्षात आलं की ते पानही एआयच लिहून देतं, आणि फार सुंदर लिहून देतं. 'सुरुवातीला मी साधनावर अंधपणे विश्वास ठेवला, नंतर मला जाणवलं...' असल्या पश्चात्तापाच्या साठ प्रती आल्या. आता तेही तोंडीच विचारतो.

विद्यापीठाच्या लेखी परीक्षेला नावं ठेवायची आपल्याला सवय आहे, पण हॉलमध्ये तीन तास पेनने लिहायची परीक्षा सध्या अचानक मोलाची झालीय. ती घालवू नका. पेपर काढायचं काम आलं तर व्याख्या विचारणं तेवढं कमी करा.

विषयांपैकी बिझनेस कम्युनिकेशन मुळापासून बदलावं लागेल. पत्रलेखन शिकवण्यात अर्थ उरला नाही. एआयने लिहिलेल्या पत्रातली चार वाक्यं का काढायची, हे शिकवा. अकाउंट्सला उलटं करा. ताळेबंद आणि गुणोत्तरं हाताने, कॅल्क्युलेटरवर, कंटाळा येईपर्यंत. 'करंट रेशो 14' (चालू मालमत्ता चालू देण्यांच्या चौदा पट) आला तर काहीतरी चुकलंय हे ज्याच्या बोटांना कळतं, तोच यंत्राची चूक धरू शकतो. सर्व्हिसेस मार्केटिंगला एअर कॅनडाचं प्रकरण घ्या. त्यांच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही अशी कंपनीची बाजू होती, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने ती फेटाळून भरपाई द्यायला लावली. सल्लागार व्हायचं स्वप्न असलेल्या मुलांना डेलॉइट ऑस्ट्रेलिया या सल्लागार कंपनीचं ऑक्टोबर 2025 चं प्रकरण सांगा. सरकारी खात्याला दिलेल्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ निघाले, तयार करताना जनरेटिव्ह एआय वापरल्याचं सुधारित अहवालात नमूद झालं आणि फीचा काही भाग परत करावा लागला. दोन्हीकडे प्रश्न एकच, सही कोणाची. डबेवाल्यांची केस मात्र आता राहू द्या; ती इतकी घासून गुळगुळीत झालीय की एआय डोळे मिटून सोडवतं.

कायद्याच्या तासाला एक गोष्ट जरूर घ्या. आमच्या एका विद्यार्थ्याने इंटर्नशिपमध्ये साहेबांवर छाप पडावी म्हणून स्टॉकिस्टांची अख्खी यादी, मोबाइल नंबर आणि थकबाकीसकट, फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकली आणि वसुलीचा प्राधान्यक्रम काढून घेतला. प्राधान्यक्रम चांगला होता. इंटर्नशिप दुसऱ्या दिवशी संपली. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्याला पाठ होता, परीक्षेत दहापैकी आठ मिळाले होते. चिकटवण्याआधी नंबर आणि नावं काढायची असतात हे मात्र कुणी करून दाखवलं नव्हतं. त्यात चूक आमची.

आणि आपल्या चुकांचं म्हणाल तर मीही एकदा तोंडावर आपटलोय. घाईत एआयकडून कोल्हापूरच्या फाउंड्रीवरची (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यावरची) केस लिहून घेतली. छान झाली होती. भट्टी सकाळी 9 ते संध्याकाळी 6 चालते असं गृहीत धरून क्षमतेचा हिशोब होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसायला लागला. त्याचे वडील शिरोली एमआयडीसीत भट्टीवर. "सर, वितळवायचं काम रात्री असतं. रात्री वीज स्वस्त." तेव्हाच्या दरपद्धतीत रात्रीच्या युनिटला सवलत होती, आणि फाउंड्रीच्या खर्चात विजेचा वाटा किती मोठा असतो हे मला माहीत असायला हवं होतं. उरलेला तास मी त्यालाच शिकवायला सांगितलं. तेव्हापासून केस आम्ही स्वतः लिहितो. दोनच पानं, जवळच्याच धंद्याची, मालकाने सांगितलेले आकडे जसेच्या तसे, न जुळणारे असले तरी.

तुमच्या मुलांसाठी एआयचा एक फायदा मला फार मोठा वाटतो, आणि त्याबद्दल आपण शिक्षक कमी बोलतो. मराठी माध्यमातून आलेला मुलगा इंग्रजी लेक्चरमध्ये हात वर करत नाही. आता तो रात्री खोलीवर बसून मराठीतून विचारतो, 'कॉन्ट्रिब्युशन म्हणजे नफाच ना?' दहा वेळा विचारतो, कुणी हसत नाही. उत्तरातलं मराठी कधी कधी सरकारी परिपत्रकासारखं असतं, पण काम भागतं. आम्ही व्हायवाही मराठीत द्यायची मुभा ठेवलीय. गोडाऊनवाला तो दुसरा मुलगा इंग्रजीत बोलायला लावला असता तर 31 तारखेची गोष्ट मला कळलीच नसती. इंग्रजी शिकवायचंच, नोकरीला लागतंच, पण समज तपासताना ते मध्ये आणू नये. पैसे भरून घेतलेलं साधन काहींकडेच असतं, म्हणून लॅबमध्ये कॉलेजचं खातं ठेवा, म्हणजे निदान वर्गातल्या कामात तरी सगळे सारखे.

काळजी मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. नोकरीतली पहिली दोन वर्षं मी रोजचं स्टॉक स्टेटमेंट बनवायचो. कंटाळवाणं, गाढवकाम. पण सातशेव्या स्टेटमेंटला कुठला आकडा खोटा आहे हे बघताक्षणी कळायला लागलं. एमआयएस (साहेबांसाठीचे नेहमीचे आकडेवारीचे अहवाल), मीटिंगची टिपणं, स्पर्धकांचे तक्ते, पहिला मसुदा ही नवख्याची कामंच आधी एआयकडे जाताहेत. साहेबाला ती नकोच होती, नवख्याला मात्र त्यातूनच हात बसायचा. तो हात बसवायची जबाबदारी आता कॉलेजवर येऊन पडलीय, फी घेऊन, दोन वर्षांत. म्हणून मी पहिल्या सत्रात मुलांना एका दुकानात महिनाभर रोज अर्धा तास बसवतो आणि विक्री, उधारी, शिल्लक हाताने लिहायला लावतो. मुलं कुरकुरतात. पालकांचेही फोन येतात, की एमबीएला घातलंय, किराणा दुकानात नाही.

नव्या विषयाचं उत्तर त्यातच आलं. दोन क्रेडिटचा 'एआय फॉर मॅनेजर्स' काढाल तर बाकीचे प्राध्यापक म्हणतील, एआय तिकडे शिकवतात, आमच्याकडे जुनंच चालू द्या. साधन हाताळायला शिकवायचं तर दोन शनिवार पुरतात. पुढचं प्रत्येकाने आपापल्या विषयात करायचं. संचालकांना नावापुरता नवा विषय हवाच असेल तर ऐच्छिक ठेवा, माहितीपत्रकात छापायला होईल.

पहिल्या वर्षी एकच विषय निवडा, एकच केस. तुमच्याकडे कांद्याऐवजी सोयाबीन घ्या. वर्गात मांडायला आकडे असे: 20 क्विंटल सोयाबीन, ओलावा 18 टक्के, आडतीवर आज 4,100 रुपये, म्हणजे 82,000 हातात. की वाळवून हमीभावाच्या केंद्रावर न्यायचं? 2024-25 चा हमीभाव 4,892 होता, ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. त्या नोव्हेंबरमध्ये ती 15 पर्यंत सैल केली होती. 18 वरून 12 वर वाळवलं तर 20 क्विंटलचे किती राहतात? मुलं सहा टक्के वजा करून 18.80 सांगतील. बरोबर उत्तर सुमारे 18.64, कारण टक्केवारी बदलत्या वजनावर आहे, कोरडा भाग 16.4 क्विंटल तेवढाच राहतो. त्याचे हमीभावाने सुमारे 91,000 होतात. हे एआय करून देईल. नोंदणीनंतर निरोप किती दिवसांनी येतो, केंद्रावर बारदाना (पोती) असतो का, पैसे खात्यात कधी पडतात आणि तोवर दुकानदाराची उधारी कोण थांबवतं, हे मुलांनी जाऊन आणायचं. माल दसऱ्याच्या सुमारास यायला लागतो, म्हणजे तुमचं तिसरं सत्र ऐन मध्यावर असेल. बाजार समितीच्या सचिवांना पत्र मात्र जूनमध्येच देऊन ठेवा. हंगाम सुरू झाला की साठ पोरांना आवारात फिरू द्यायला कुणालाच सवड नसते.